सोमवारचं न्हाणं

१

सकाळी चुलीवर हंडा चढला, की थोड्या वेळानं मागच्या दाराशी खाकरल्याचा आवाज यायचा. चांगुणाबाई आली. म्हातारी कडी वाजवत नसे, हाक मारत नसे. खाकरायची, चपला भिंतीकडं सारायची आणि पाणी तापलं का गं माय, असं विचारत थेट न्हाणीत तरटाच्या आडोशामागं जाऊन बसायची. लुगडं गुडघ्यावर, दोन्ही पाय लांब, आणि दोन नडग्यांच्या मधल्या पन्हाळीत कौसल्येचा बद्री उताणा. करडीचं तेल चोळता चोळता ती गावातल्या साऱ्या बाळंतिणींच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची. कुणाच्या लेकराचं डोकं लांबट, कुणाचं नाक बसकं, कुणाच्या घरचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी.

बद्री तेवढा सगळा वेळ रडायचा. भिंतीपल्याड कंपाउंडरची बायको द्वारकाबाई राहायची. ती म्हणायची, तुझं पोरगं रडायला लागलं की मी भाताचं आधण ठेवते, आमच्या घरात घड्याळाचा खर्चच न्हाई.

कौसल्येला त्या रडण्याचा त्रास होत नसे. उलट भाकरी थापताना तिचा एक कान तिकडंच असायचा. तिची पहिली पोरगी दुष्काळाच्या साली गेली होती. जायच्या आधी ती पोर रडायची थांबली होती, आणि आज लेकरू कसं गप झोपलंय म्हणून कौसल्या बापडी घटकाभर आडवी झाली होती. तेव्हापासून तिनं मनाशी एकच गणित धरलं होतं. रडतंय म्हणजे आहे.

२

तिचा नवरा वसंता जाफराबादला सरकारी दवाखान्यात शिपाई होता. दवाखान्याच्या मागंच त्यांची खोली. तिला उत्तरेकडून आडोसा होता, मागं कडुनिंब होता, आणि माठाखालची वाळू भर चैत्रातसुद्धा हाताला गार लागायची. त्या वाळूवर डॉक्टरसाहेबांचा डोळा गेला.

डॉक्टर नवा होता, पुण्याकडचा, पुढच्या परीक्षेचा अभ्यास करणारा. तालुक्यात कुठं बेवारस मढं सापडलं, कुणी विहिरीत पडलं, कुणाला साप चावून पान लागलं, की तपासणीला आलेल्या मढ्याच्या काळजातून तो थोडं रक्त काढून घ्यायचा. ते नळीत भरून यंत्राचं हँडल गरागरा फिरवून लाल गाळ खाली बसवायचा आणि वरचं पिवळसर पाणी दुसऱ्या बाटलीत काढायचा. ती बाटली औरंगाबादेला त्याच्या गुरुजींकडं जायची. दवाखान्यातला एकुलता एक रॉकेलवरचा फ्रिज देवीच्या लसीनं भरलेला. म्हणून नवीन जालन्याहून सांजच्या गाडीनं भुशात गुंडाळलेला बर्फ यायचा, आणि सकाळची गाडी निघेपर्यंत बाटली बर्फासकट कौसल्येच्या माठाखालच्या वाळूत बसायची. वसंता ती जेवणाच्या डब्यात घालून कंडक्टरच्या हवाली करायचा. काय आहे म्हणून कंडक्टरनं विचारलं, तर सायबाच्या सासूबाईनं मागवलेलं लोणचं, असं सांगायचा.

एकदा डॉक्टर वाळूला हात लावून बघायला आला, तेव्हा कौसल्येनं पदर नीट करून विचारलं होतं, की याच्यातून कळतं तरी काय.

डॉक्टर उत्साहानं उकिडवाच बसला. जिवंत रक्त आपला खार आपल्या पोटात धरून ठेवतं, तो म्हणाला. माणूस गेला की रक्ताची मूठ ढिली पडते. खार हळूहळू वरच्या पाण्यात उतरायला लागतो. साखर सरत जाते. खार किती उतरला आणि साखर किती सरली ते मोजलं, की माणूस कधी गेला ते सांगता येतं. माणसं खोटं बोलतात, दारं-खिडक्या खोटं बोलतात, रक्त बोलत नाही.

कौसल्या सातवी शिकलेली होती. तिला सगळं समजलं. फक्त बाटली वाळूत असली की त्या रात्री ती बद्रीला माठाच्या बाजूला निजवत नसे.

३

त्या सोमवारी खाकरणं ऐकू आलं नाही.

बाजाराचा दिवस होता, बाहेर बैलगाड्यांची खडखड चालू होती, म्हणून असेल. कौसल्या चुलीकडं तोंड करून बसली होती. बद्रीला तिनं रोजच्यासारखं न्हाणीच्या उंबऱ्याशी गोधडीवर ठेवलं होतं. मागून तेल लावलेल्या तळहाताचे चापट चापट आवाज यायला लागले, तेव्हा तिला कळलं, की बाई येऊन बसली आहे. पाणी तापलंय, घ्या, असं ती मान न वळवताच म्हणाली. उत्तर आलं नाही. म्हातारीला राग आला असेल. काल रविवार. रविवारी चांगुणाबाई कुणाच्याच घरी जात नसे, तो तिचा स्वतःच्या न्हाण्याचा दिवस. शनिवारी जाताना तिनं जुनं लुगडं मागितलं होतं आणि कौसल्येनं बघू म्हणून टाळलं होतं. तेच मनात धरलं असेल.

तिनं एक भाकरी तव्यावर टाकली, दुसरी थापली, तिसरी थापली. चापट चापट आवाज चालूच होता. हात मोकळा चालत होता, मन कसं हलकं झालं होतं. भाकरी उलटताना तिला कळलं, की हे हलकं का वाटतंय.

बद्री रडत नव्हता.

ती पिठाच्या हातानं उठली. तरटाच्या आडोशामागं कुणी नव्हतं. बद्री गोधडीवर गुंडाळून ठेवलेला, अंग धुतलेलं, केस ओले, डोळे उघडे. चांगुणाबाई मागच्या दारातून बाहेर पडत होती. लुगडं अजून गुडघ्याशीच खोचलेलं होतं. पाठमोऱ्या पोटऱ्या कौसल्येला दिसल्या. मागच्या अंगानं त्या जांभळ्या पडल्या होत्या, पिकल्या जांभळासारख्या, टाचेपर्यंत.

बाई, चहा तरी घेऊन जा, असं कौसल्या म्हणाली. तोवर दारात ऊन होतं फक्त.

मग तिनं पोराला उचललं. तो गार लागला. चुलीवरच्या हंड्यात हात घातला, तर पाणी काठोकाठ, चटका बसेल इतकं गरम. कुणी तांब्याभरसुद्धा घेतलेलं नव्हतं.

४

मंगळवारी चांगुणाबाई आली नाही. हंडा उकळून उकळून निम्मा झाला. कौसल्येनं वसंताला बघून यायला सांगितलं, कारण म्हातारी दवाखान्याच्या अंगालाच एका खोलीत एकटी राहत होती.

वसंता बऱ्याच वेळानं परतला. तो आधी नळाखाली हात धूत राहिला, मग उंबऱ्यावर बसला. कडी आतून होती, लोकांनी दार उचकटलं. खाटेवर उताणी पडलेली, निजल्यासारखी. पण खोलीत उभं राहवत न्हाई, तो म्हणाला. फौजदार आला होता. बंद खोलीतलं मरण, म्हणून तपासणी करायला सांगून गेला.

दुपारी तपासणी झाली. वसंताला तिथं उभं राहावं लागलं. सांजच्या गाडीनं बर्फ आला आणि बाटली घरी आली. कौसल्येनं ती स्वतःच्या हातानं वाळूत बसवली. बाटलीतलं पाणी पिवळसर नव्हतं. लालसर होतं, पातळ केलेल्या कुंकवासारखं. काल याच बाईनं माझ्या पोराला न्हाऊ घातलं, हे तिनं मनात म्हणून बघितलं. काहीच वाटलं नाही. तिनं वरून ओलं फडकं टाकलं आणि भांडी घासायला बसली.

जेवताना वसंता म्हणाला की पालथी केली तेव्हा पाठ, मांड्या, पोटऱ्या, सगळा मागचा भाग जांभळा होता. उताणं पडून राहिलं की रक्त खाली उतरतं, असं सायेब म्हणाले.

कौसल्येचा घास हातातच राहिला. मग तिनं तो खाल्ला.

५

बद्री त्यानंतर रडला नाही.

सुरुवातीला सगळ्यांना बरंच वाटलं. द्वारकाबाई म्हणाली, पोरगं समजूतदार झालं, बापावर गेलं. तो हात-पाय हलवायचा, हाकेला मान वळवायचा, दिवा लावला की दिव्याकडं बघायचा. छातीला धरलं की चोखायचा. बराच वेळ चोखायचा. पण तो सुटला तरी छाती दाटलेलीच राहायची, दुखायची, चोळी भिजायची. कौसल्येनं द्वारकाबाईला दाखवलं. दूध मस्त आहे तुला, तिनं सांगितलं, पिऊन उरतंय, पिळून टाकत जा.

लंगोट वाळलेलेच निघत होते. उन्हाळा आहे, अंगातच आटतं पाणी, असं द्वारकाबाईचं म्हणणं. तेही कौसल्येला पटलं. जे जे कुणी सांगितलं, ते ते तिला पटत गेलं. बाहेर पत्रे तापून ठणठण वाजायचे, वारा भट्टीसारखा यायचा, आणि पोर छातीशी घेतलं की माठाला टेकल्यासारखं गार वाटायचं. ती त्याला घेऊन दुपारभर बसून राहायची. चांगलं वाटायचं. चांगलं वाटतंय याचं तिला मनात कुठंतरी भय वाटायचं, पण ते भयसुद्धा लांब होतं, दुसऱ्याच्या घरातल्या भांडणासारखं.

न्हाऊ आता तीच घालायची. कढत पाणी घातलं तरी तो गप. फार कढत झालं असेल म्हणून एकदा तिनं स्वतःच्या पायावर ओतून बघितलं. तिचा पाय भाजला. बद्री वर तिच्या तोंडाकडं बघत होता.

६

औरंगाबादेहून चांगुणाबाईच्या बाटलीचं उत्तर आलं, त्या दिवशी डॉक्टर स्वतः खोलीच्या दाराशी आला. खूश होता. पहिल्यांदाच सगळं जुळलं होतं. अंगाची अवस्था, पोटातलं अन्न, रक्तातला खार, तिन्ही एकाच ठिकाणी बोट दाखवत होते. घाताचं काही नव्हतं, म्हातारीचं काळीज थांबलं होतं. शनिवारी सांजवेळी गेली, उशिरात उशिरा रविवार उजाडायच्या आत.

कौसल्या चौकटीला धरून उभी राहिली. ती म्हणाली, सायेब, ती बाटली मी वाळूत ठिवलीच नव्हती, विसरले, चुलीपाशी राह्यली रातभर.

हे खोटं होतं. खोटं बोलताना तिला फार आशा वाटत होती.

डॉक्टर हसला. "त्यानं काही होत नाही, बाई. लाल भाग मी आधीच वेगळा केला होता. खार लाल भागातून उतरतो. तो काढून घेतल्यावर वरचं पाणी चुलीवर ठेवलं असतं तरी त्यात नवा खार येणार कुठून?"

"सोमवारी त्या माझ्याकडं आल्त्या."

"कोण?"

"चांगुणाबाई. लेकराला न्हाऊ घालून गेल्या."

डॉक्टरनं तिच्याकडं नीट बघितलं. ओल्या बाळंतिणीसारख्याच आहात अजून, झोप नाही, शनिवारचा सोमवार होतो, असं तो मऊ आवाजात म्हणाला आणि वसंताला तिच्यासाठी टॉनिकची बाटली देऊन ठेवायला सांगून गेला.

तिनं ते मनापासून धरून बघितलं. शनिवारचा सोमवार झाला असेल. सोमवारी तिनं स्वतःच पोराला न्हाऊ घातलं असेल आणि विसरली असेल. पण मग हंडा भरलेला का? ती द्वारकाबाईकडं गेली आणि सोमवारचं काही आठवतं का, म्हणून विचारलं. द्वारकाबाई तांदूळ निवडत होती. त्या दिवशी तुझ्या पोराचं रडणंच ऐकू आलं न्हाई, ती म्हणाली, मी आधण ठेवायचं विसरले, यांना उपाशी जावं लागलं ड्यूटीवर. चांगुणा तर त्या दिवशी कुणाकडंच गेली न्हाई. खालच्या आळीतल्या दोन्ही बाळंतिणी वाट बघत बसल्या.

"कुणाकडंच न्हाई?"

"न्हाई माय. मेलेलं माणूस कसं जाईल?"

७

रात्री तिनं वसंताला सांगितलं, की पोराचं रक्त तपासून घ्या. वसंता म्हणाला की सायेब हसतील. हसू द्या, ती म्हणाली. मंग काय तपासायचं सांगू, त्यानं विचारलं. तिला ते तोंडानं म्हणता आलं नाही. तिनं पोर त्याच्या मांडीवर दिलं. तो पाय हलवून त्याला खेळवत बसला, आणि थोड्या वेळानं वसंताचे पाय हलायचे थांबले.

सकाळी तिघंही दवाखान्यात गेली. डॉक्टर खरंच हसला. पोटऱ्या कशा भरल्यात बघा, तो म्हणाला, घाबरायचं काही नाही. बायकांच्या मनाच्या समाधानासाठी थोडं रक्त घ्यायला त्याची हरकत नव्हती. शिवाय जिवंत लेकराचं रक्त तुलनेला बरं पडेल.

त्यानं टाच पुसली आणि सुई टोचली.

बद्री खिडकीकडं बघत होता. तो दचकला नाही. टोचलेल्या ठिकाणी काही आलं नाही. डॉक्टरनं दुसऱ्यांदा टोचलं, मग पोटरीपासून टाचेपर्यंत अंगठ्यानं दाबत आणलं, गाईला पिळतात तसं. बराच वेळ पिळल्यावर एक थेंब आला. काळसर, घट्ट. तो टाचेवर तसाच बसून राहिला, ओघळला नाही.

पिळत पिळत डॉक्टरनं नळीच्या बुडापुरतं रक्त जमवलं. हँडल फिरवताना त्याच्या यंत्राचा घरघर आवाज साऱ्या दवाखान्यात घुमला. त्यानं नळी उजेडात धरली, आणि कौसल्येकडं पाठ केली.

८

त्या बाटलीचं लोणचं वसंतानं सांगितलं नाही. कंडक्टरला काहीच सांगितलं नाही, नुसता डबा दिला.

उत्तर आलं तेव्हा डॉक्टरनं तिला आत बोलावलं आणि वसंताला बाहेर थांबायला सांगितलं. कागद टेबलावर पालथा होता. खार जास्त आलाय, तो म्हणाला. पण त्यात काही अर्थ नाही. टाच पिळून काढलेल्या रक्तात तसं होतंच, पिळताना रक्त फुटतं. त्यानं हे दोनदा सांगितलं. त्याच्या गळ्यात छातीचे ठोके ऐकायची नळी लटकत होती. बद्री समोर टेबलावरच होता. कौसल्या वाट बघत राहिली, की तो आता नळी कानाला लावील, पोराच्या छातीवर टेकवील, आणि सगळं संपेल, या बाजूला नाहीतर त्या बाजूला. त्यानं नळीला हात लावला. मग हात खिशात घातला.

"दुसरं रक्त घेऊ," तो म्हणाला. "शिरेतून. पिळायचं नाही. मग नक्की कळेल."

"सायेब, ह्या कागदातून येळ निघतो का?"

"जिवंत माणसाचा वेळ काढत नसतात, बाई."

"पण निघतो."

डॉक्टरनं कागद उचलला, घडी केली, आणखी एक घडी केली. त्याची बोटं तो वेळ सांगायला तयार आहेत असं दिसत होतं, फक्त तिनं आणखी एकदा विचारायला हवं होतं.

बद्रीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. ओळखून बघितलं.

"नगं," कौसल्या म्हणाली. "दुसरं घेऊ नगा."

तिनं त्याला उचललं, पदराखाली घेतलं. गार अंग छातीला चिकटलं आणि दूध झरायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ती मंठ्याला माहेरी निघाली. वसंतानं गाडीत जागा धरून दिली, पिशवी वर ठेवली, आणि पोराच्या डोक्यावरून हात फिरवायला म्हणून खिडकीतून हात आत घातला. तो हात तिच्या खांद्यावर ठेवून काढून घेतला. पोचल्यावर चिठ्ठी टाक, असं म्हणाला.

गाडी खचाखच भरली होती. ऊन आत येत होतं, माणसं घामानं निथळत होती, तीन-चार लेकरं एकाला लागून एक किंचाळत होती. शेजारी मांडीवर गाठोडं घेतलेली एक बाई बसली होती. ती बराच वेळ बद्रीकडं कौतुकानं बघत राहिली. एवढ्या धुरळ्यात, एवढ्या उन्हात हूं का चूं नाही. गुणाचं लेकरू, ती म्हणाली, न्हाईतर आमची. तिनं त्याच्या गालाला बोट लावलं. बोट थोडा वेळ तिथंच राहिलं, मग तिनं ते हळूच मागं घेऊन लुगड्याला पुसलं.

काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "किती दिवसाचं झालं, माय?"

कौसल्येनं सांगायला तोंड उघडलं. मग ती मनातल्या मनात मोजायला लागली. कोणत्या दिवसापासून धरायचं, ते तिला कळेना.

"मलाच बराबर सांगता येत न्हाई," ती म्हणाली, आणि पोराला दुसऱ्या छातीला लावलं.